फायनल हरलात ते बरंच केलंत, बाबा

प्रिय बाबा,

आज दुपारी बेसबॉल क्लबची प्रेसिडेंट लिंडा घरी येऊन गेली. चहाचा पहिला घोट घेतला आणि सरळ म्हणाली, "प्रज्ञा, मुलींची टीम आता तू घे." मी विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही. हो म्हणून टाकलं! ती गेल्यावर पहिल्यांदा मनात आलं, बाबांना सांगायला हवं. मग आठवलं. म्हणून हे लिहायला बसले.

अमरावतीच्या कॉलेजात तुम्ही बेसबॉल सुरू केलात तेव्हा स्टाफरूममध्ये हसायचे ना सगळे? "क्रिकेट सोडून हे काय काढलंत, सर?" तुमचं उत्तर ठरलेलं. "क्रिकेटले लय लोक हायत. याले मी एकटाच हाओ."

पोत्यांत रेती भरून बेस केलेत. मुलींच्या घरी जाऊन, आईवडिलांशी तासभर गप्पा मारून त्यांची परवानगी मिळवलीत. नोकरीची सगळी वर्षं त्या तापलेल्या ग्राऊंडवर घालवलीत, आणि त्यातल्या किती मुली पुढे विद्यापीठाकडून खेळल्या!

मी तुमची कॅचर, पिचरने टाकलेला बॉल झेलणारी. ग्राऊंडवर 'सर', घरी 'बाबा', असा नियम. एकदा चुकून ग्राऊंडवर 'बाबा' म्हटलं तर सगळ्यांसमोर राऊंड मारायला लावलंत. मला ते अजून पटलेलं नाही, सांगून ठेवते.

रिटायर होऊन इथे परदेशात, पॉइंट कुकला माझ्याकडे आलात तेव्हा मला काळजी होती. मी हॉस्पिटलात शिफ्टला, तुम्ही दिवसभर घरात एकटे. करणार काय? पण तुमचा पहिलाच प्रश्न, "इथं बेसबॉल कुठं खेळतात?" मी गाडीने तुम्हाला युनिव्हर्सिटीच्या ग्राऊंडवर सोडलं. परत न्यायला आले तर तुम्ही जाळीच्या आत! पिचिंग करणाऱ्या मुलीचं पाऊल चुकीचं पडत होतं म्हणे, राहवलं नाही तुम्हाला. ती मुलगी म्हणजे टेस.

मुलींच्या टीमचा कोच तेव्हा नुकताच सोडून गेला होता. लिंडाने विचारलं, आधी कोचिंग केलंय का? तुम्ही म्हणालात, "ऑल माय लाइफ." झालं! इथे कोचला नावानेच हाक मारतात, पण त्या तुम्हाला 'सर' म्हणायला लागल्या. निम्म्या जणींना ते तुमचं नावच वाटायचं!

आणि सगळ्यांत तळाला असलेली ती टीम तुम्ही फायनलला नेलीत.

त्या दिवशी मी सुट्टी काढून डगआऊटमध्ये, टीमच्या बाकावर बसले होते. शेवटची इनिंग, आपण एका रनने पुढे. टेस प्रत्येक बॉलनंतर हात झटकत होती. तुम्ही उठलात आणि चालत तिच्यापाशी गेलात.

"टेस, एल्बो दुखतंय?"

"आय'म फाइन, सर."

"हात सरळ कर."

तिला करता येईना. तुम्ही बॉलसाठी हात पुढे केलात. ती रडायला लागली. "प्लीज सर, एवढी एक इनिंग!" जाळीबाहेरून तिचे वडील ओरडले, "लीव्ह हर इन, मेट!" तुम्ही तिच्या खांद्यावर थोपटलंत, बॉल घेतलात आणि दुसऱ्या पिचरच्या हातात दिलात. ती बिचारी अगदी नवीन. आपण हरलो.

टेसचे वडील तरातरा आले. तुमच्यामुळे पोरींची फायनल गेली, म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. "येस. आय नो."

गाडीत मी विचारलं, "वाईट वाटतंय, बाबा?"

"वाटते ना, बाप्पा! हारणं कोणाले आवडते? पण फायनल पुढच्या वर्षी पुन्हा येते. पोरीचा हात पुन्हा येत नाही."

नंतर कमिटीत तुम्हाला ठेवायचं की नाही यावर बोलणं सुरू झालं. त्याच आठवड्यात टेसचा स्कॅन आला. कोपरातलं लिगामेंट तुटायच्या बेतात होतं. तिचे वडील मीटिंगला उभे राहिले आणि म्हणाले, "चूक मी करत होतो. या माणसाला सोडू नका." हे मला लिंडाकडून कळलं. तुम्ही घरी येऊन मला काय सांगितलंत? "मीटिंगमधला चहा अगदीच पांचट होता." बस्!

टेस पूर्ण बरी होईपर्यंत थांबली. परत आली, आणि पुढच्या फायनलचा शेवटचा बॉल तिनेच टाकला. काय ओरडलो होतो आपण! तुम्ही चक्क नाचलात, बाबा. जगात कुणी तुम्हाला नाचताना पाहिलं नसेल, मी पाहिलंय.

पण एक भांडण उरलंच आहे. दुसऱ्याच्या पोरीला 'हात सरळ कर' म्हणणारा माणूस स्वतःच्या छातीत दुखतंय हे लपवतो? तेही घरात नर्स असताना? विचारलं की "गॅस झाला." काहून, बाबा? मला एकदा तरी सांगायचं होतंत!

तुम्हाला निरोप द्यायला सगळी टीम जर्सी घालून आली होती. टेसचे वडील मिनीबस चालवत त्यांना घेऊन आले. त्रिशरण सुरू झालं, मुलींना शब्द येत नव्हते, तरी हात जोडून उभ्या होत्या. शेवटी मी 'जय भीम' म्हटलं, आणि मागून टेसचा आवाज आला, "जय भीम, सर."

शनिवारी दुपारी, इथल्या भाषेत 'आर्व्हो'ला, माझी पहिली प्रॅक्टिस आहे. मघाशी टेसला फोनवर विचारलं, असिस्टंट होशील का? "नो वरीज," म्हणाली. भीती? अजिबात नाही वाटत. कोणाच्या हाताखाली शिकलेय मी!

तुम्हाला वचन देते. दुखऱ्या हातात मी बॉल ठेवणार नाही, समोर कुठलीही फायनल असो. पण बाकी सगळं तुमच्यासारखं करीन असं समजू नका. बॅट नुसती टेकवून बॉल पुढ्यात पाडायचा, तो तुमचा लाडका बंट! मला कधीच आवडला नाही. ग्राऊंडवर तुम्ही 'सर' होतात, म्हणून बोलले नाही. आता कोच मी आहे.

माझ्या पोरी बॅट फिरवतील, बाबा. जोरात फिरवतील.

तुमची कॅचर आणि लेक,
प्रज्ञा