डावा पाय

महाल, नागपूर
९ डिसेंबर १९७९

प्रिय पुष्पे,

अनेक आशीर्वाद. इकडे थंडी हाडात शिरून राहिली. तुझ्या कोराडीला वीजघराची ऊब तरी असेल, असं म्हणत सकाळी एकटाच हसलो.

वृश्चिकासन अजून करतो. वाचूनच आठी पडली असेल तुझ्या कपाळावर. कोपरापासून हात जमिनीला टेकवून पाय सरळ वर न्यायचे, मग पाठीची कमान करून विंचवाच्या नांगीसारखे तळपाय डोक्यावर आणायचे. मला शिकवलं कुणी? एका कॅलेंडरवरच्या चित्रानं आणि तुझ्या आईनं. चित्र बघून ती म्हणाली होती, "हे उलटं छापलं काय जी?" पुढे तीच माझी मास्तरीण झाली. उलट्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत ना! भाकरी थापता थापता ती ओरडायची, "डावा वाकडा होऊन राहिला जी! काहून त्याले असा लटकवला?" मी सरळ करायचो. कौतुकाचा एक शब्द कधी काढला नाही बाईनं.

आता शेजारचा धोंडबा दारातून डोकावून म्हणतो, "वा काका, एक नंबर!" भला माणूस आहे. पण डावा कसा आहे, ते सांगत नाही. त्याची वाहवा ऐकली की घर आणखीच रिकामं वाटतं.

आईच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तू मला तसं पाहिलंस. "आई गेली, अन् तुमची सर्कस चालूच?" म्हणालीस. बरोबरच होतं तुझं. पण बाई, तेव्हा पाय नुसते वर गेले होते. पुढची कमान करवत नव्हती. चुलीकडे कान लावून थांबलो होतो मी. आणि उलट्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी गालावर येत नाही, कपाळावरून केसांत जातं. बघणाऱ्याला तो घाम वाटतो.

मीही तोंडाचा तिखट. "तुझ्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही," बोलून बसलो. तेव्हापासून कोराडीची बस दिसली की मान वळवतो. आता नाही राहवत. रविवारी येतो. शब्द मोडायचा नाही, म्हणून उंबऱ्यावरून हातांवरच आत येईन, जमेल तसा. रुपराव जावई हसले तर हसू दे. तू फक्त दार उघड, आणि माझे पाय धरून तूच खाली टेकव. म्हणजे ते मी ठेवले, असं होणार नाही.

तुझाच,
उलटा बाबा