विश्वजितच्या गुलाबांच्या जागी

ऐरोली,
सोमवार, २२ सप्टेंबर १९९७

प्रिय राजी,

वाईट बातमी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील, नाहीतर पत्र फाडून तरी टाकशील. अंगणातले गुलाब मी काढले. सगळे. विश्वजितनं लावलेलं एकही झाड आता तिथं नाही. मेलेले नाहीत, दिलेत, कुणाला ते पुढे येईलच. खांदेश्वरला पत्र कशाला, बसनं जाऊन ये की, असं तुझे आबा म्हणाले. जाता आलं असतं, दुपारचं जेवण तुझ्याकडेच झालं असतं. पण आपण सासवा-सुना समोरासमोर बसलो की तू भाकरी थापायला उठतेस, मी लसूण सोलायला घेते, आणि बोलायचं ते तसंच राहतं. दोन वर्षं आपलं हेच चाललंय. म्हणून म्हटलं, कागदावर बोलावं. कागद काही उठून स्वयंपाकघरात जात नाही.

विश्वजितला गुलाबांचं वेड कुठून लागलं, मला खरंच ठाऊक नाही. आमच्या दोन्ही घराण्यांत ऊस आणि हळद सोडून कुणी काही लावलेलं नाही. रबाळ्याच्या कारखान्यातून घरी आला की बूट काढायच्या आधी तो झाडांपाशी. हे ऐरोलीचं अंगण केवढं, चार पाट मांडले की संपलं, आणि त्यात खाडीवरून येणारं खारं वारं. कलमी गुलाबांना ते सोसत नाही. आज पानांवर काळे ठिपके, उद्या मावा, परवा कळी उमलायच्या आधीच कडेनं करपलेली. मग फवारणी, हाडांचा चुरा, शेणखत, ऑक्टोबरातली छाटणी. आबा कांदा-बटाटा मार्केटातून दमून यायचे आणि म्हणायचे, कांद्याला एवढं पुसून-पुसून विकलं असतं तर एव्हाना आमचा बंगला झाला असता. तू लग्न होऊन आलीस आणि त्याला जोडीदार मिळाला. तोंडाला रुमाल बांधून तुम्ही दोघं फवारायला निघालात की गल्लीतली पोरं दरोडेखोर आले म्हणून ओरडायची. तुझी नवी साडी औषधाच्या डागांनी गेली ती गेलीच. मला तेव्हा राग आला होता, आता ती साडी मी पिशव्यांसाठीसुद्धा कापत नाही.

मग त्या श्रावणात त्याला कावीळ झाली आणि आठवड्याभरात होत्याचं नव्हतं झालं. त्याविषयी आणखी लिहिणार नाही, तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे.

तुझी आई तुला न्यायला आली तेव्हा मीच तुझी पेटी भरली होती. पनवेलच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा शेजारपाजारी पेढे मीच वाटले. पण तू गेलीस कुठं? दर रविवारी सकाळी दोन बस बदलून दारात हजर. चहा पिण्याआधी कात्री हातात. एप्रिलात अंगात ताप असताना आलीस, कारण पानांवर ठिपके दिसले होते. त्या दिवशी तू एक पिवळं पडलेलं पान तोडून हातात घेऊन पायरीवर बसली होतीस, आणि मी दारातून बघत होते. पोरी, पान बघून कुणी असं रडत नाही. मी आत गेले आणि तुझ्यासाठी पेज टाकली. तू यायचीस ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. शनिवारी संध्याकाळी मटकी भिजत घालताना घर भरल्यासारखं वाटायचं. आबासुद्धा रविवारी दाढी करायला लागले होते.

आता त्या दुसऱ्या गुलाबाचं ऐक. गेल्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला शेजारची शरीफा श्रीवर्धनहून, माहेराहून, आली ती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या घेऊन. तिच्या माहेरी समुद्राच्या बाजूच्या बांधावर एक गुलाब आहे, तो उभा राहतच नाही, वेलासारखा जमिनीवर लोळतो. बारीक, फिक्या गुलाबी फुलांचे घोस येतात. मी म्हटलं, आमच्याकडे गुलाबांचा दवाखाना आहेच, त्यात आणखी एक पेशंट कशाला. ती हसली आणि म्हणाली, "वैजूताय, याचं टेन्शनच नाय घ्यायचं. लावायचा नि इसरून जायचं."

इसरून जायचं. तिला काय, ती सहज बोलून गेली, पण मला दिवसभर ते टोचत राहिलं. तरी तिचं मन मोडू नये म्हणून कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथं गटाराचं झाकण आहे, तिथं त्या काड्या खोचल्या आणि खरंच विसरले. तू तिकडं कधी बघितलंसुद्धा नाहीस. त्याला ना खत, ना फवारा. उन्हाळ्यात आठवड्याला भांडी विसळलेलं बादलीभर पाणी, तेही आठवलं तर. शरीफाचा रायान चेंडू काढायला त्याच्यावरून चार वेळा धावतो, फांद्या मोडतात, पुढच्या महिन्यात मोडल्या जागी दोन नव्या. काटे आहेत, पण बारीक, पोराला खरचटलं तरी तो रडत नाही. खाऱ्या वाऱ्यात विश्वजितचे गुलाब माना टाकायचे तेव्हा याची पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. वर्षभरात त्यानं गटाराचं झाकण झाकलं, गवत मारलं आणि पायरीपर्यंत आला. मला आधी त्याचा रागच यायचा. एवढी सेवा करून ती झाडं कुढत राहायची, आणि याला कुणी विचारत नाही तरी हा फुलतोय. पण रोज सकाळी दार उघडलं की पहिली नजर त्याच्यावरच जायला लागली.

तुझ्या आईचा पाय मुरगळला म्हणून गणपतीनंतर तुझे दोन रविवार चुकले. ती संधी मी साधली, हे सरळ कबूल करते. शनिवारी सकाळी आबांनी कुदळ घेतली. शरीफाच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर आहेत ठाण्याला, त्यांची गच्ची गुलाबांनीच भरलेली आहे. ते टेम्पो घेऊन आले आणि एकेक झाड मुळाभोवतीच्या मातीसकट गोणपाटात बांधून घेऊन गेले. जपतील, माणूस तसा वाटला. बघायचे असतील तर जा कधीतरी, पण कात्री घरी ठेवून जा. शेवटचं झाड निघेना. आबा खाली बसले आणि हातांनी माती उकरायला लागले. मी म्हटलं, राहू दे एवढं एक. ते नाही म्हणाले. टेम्पो गेल्यावर अंगणात नुसते खड्डे, आणि मला असं रडू आलं की शरीफा चुलीवरचं सोडून धावत आली. संध्याकाळी आम्ही तिघांनी त्या सगळ्या खड्ड्यांत कोपऱ्यातल्या गुलाबाच्या काड्या लावल्या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत अंगण भरून जाईल. वर्षातून एकदा गवताच्या कातरीनं कसंही कापलं तरी त्याला चालतं, ते माझ्यासारखीलाही जमेल.

आता हे सगळं का केलं ते सांगते. गौरी-गणपतीत तुझी आई आली होती. जोतीराम नावाचे एक गृहस्थ तुला दोनदा भेटून गेले, वीज मंडळात आहेत, त्यांची बायको वारली आहे, आणि त्यांच्याशी बोलताना तू हसलीस, हे सगळं मला तुझ्या आईनंच, चारुलताताईंनी, सांगितलं. तू नाही सांगितलंस, मी कसं घेईन म्हणून असेल. आणि जोतीरामांनी लग्नाचं विचारल्यावर तू काय म्हणालीस तेही सांगितलं: "रविवारी मला आईंकडे गुलाब बघायला जावं लागतं. मला जमणार नाही." राजी, मी ते आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पोरीला मोकळं करायचं असंल तर कुदळ मीच धरतो." पितृपाठ चालू आहे, या दिवसांत लग्नाचा विषय काढू नये म्हणतात. पण या पंधरवड्यात जेवायला येणाऱ्यांत आता आपला विश्वजितही असतो, त्याच्या कानावर जायचं ते जाऊ दे, तो माझाच मुलगा आहे, मी त्याचं बघून घेईन. मी तुला हो म्हण असं सांगत नाही. जोतीराम आवडत नसतील तर नाही म्हण, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. पण ते नाही तुझं स्वतःचं असू दे, गुलाबांच्या नावावर खपवू नकोस. आणि हो म्हटलंस तर हे घर तुझं माहेर, दिवाळीला दोघांनी यायचं, जावयाचा मान आबा मोठ्या हौसेनं करतील. फक्त एवढं ऐक, या रविवारी इकडे येऊ नकोस.

तुझीच,
आई