गावचा नंबर

प्रिय जोएल,

आज अँथनी सापडले. आपल्या पहिल्या कॅम्पला इथे दोहात बिन महमूदच्या त्या हॉलमध्ये येऊन गेलेले, तू चर्चमधून ओढून आणलेले अँथनी. वसईला घरी आहेत, धडधाकट आहेत. चर्चच्या गेटपाशी एका माणसाला एक प्रश्न विचारला आणि पाच मिनिटांत त्यांचा नंबर माझ्या हातात होता. एका प्रश्नात, जोएल. म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन सात महिने झाले, आणि या सात महिन्यांत मी मनातल्या मनातसुद्धा तुझ्याशी बोलले नाही. भीती वाटायची, दुसरं काय.

तुला आठवतं, मला या भानगडीत तूच ओढलंस? सेकंड इयरला होतो. मला फक्त व्हॉलंटियरिंगचं सर्टिफिकेट हवं होतं. तू म्हणालास, "अगं, सोपं आहे. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, पाकिटात घालायची, फॉर्म भरायचा. उद्या कुणा ब्लड कॅन्सरच्या पेशंटशी त्या माणसाचं जुळलं तर त्याला फोन जातो. मग तो बोन मॅरो देतो."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर तुला समोसा मिळतो."

मग तू जरा गंभीर झालास. आपल्या लोकांचं बहुतेक आपल्याच लोकांशी जुळतं आणि यादीत आपली माणसं शोधूनही सापडत नाहीत, असं आंटी हॉस्पिटलमधून घरी येऊन सांगते म्हणालास. मार्था आंटी, तुझी आई, ब्लड कॅन्सरच्याच वॉर्डात नर्स. तू तिचा एकुलता एक. तुझ्या डोक्यात हे खूळ कुठून आलं ते मला तेव्हा कळलं.

पण तुझं एक खूळ मात्र डोकं उठवायचं. फॉर्मचा सातवा रकाना. मायदेशातला फोन नंबर. कॅम्प सुरू व्हायच्या आधी तू आम्हा सगळ्यांना उभं करून भाषण द्यायचास. इथल्या माणसाच्या खिशातलं सिम कंपनीचं असतं, काँट्रॅक्ट संपलं की लॅपटॉप, हेल्मेट, आयडीबरोबर सिमही परत. "इथला नंबर नोकरीचा आहे. माणसाचा नंबर गावचा. तो घेतल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही." दर अर्ध्या तासाने पलीकडच्या टेबलावरून तुझा आवाज यायचा, "मुग्धा, गावचा नंबर घेतला का?" मी तोंड वाकडं करायची. वेस्ट बेच्या टॉवरमधल्या कुठल्या बँकेचा मॅनेजर असल्यासारखा वागायचास अगदी.

त्या दिवशी हॉलमधला एसी बंद पडला होता. रांग दारापर्यंत गेलेली. अँथनी आले, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. म्हणाले, "मला यातलं काही समजत नाही हां मॅडम. जोएलने सांगितलं म्हणून आलो." काडी फिरवून झाली. सातव्या रकान्यापाशी ते अडले. घरचा नंबर नुकताच बदललाय, बायकोला मेसेज करून विचारतो, दोन मिनिटं थांबा म्हणाले. मागून लोक कुरकुरायला लागले. मला घाम फुटलेला, सकाळपासून पोटात काही नाही.

मी म्हणाले, "राहू द्या दादा. इथला आहे ना? खलास. यल्ला, चला, नेक्स्ट."

आणि पलीकडून तू विचारलंस, "गावचा नंबर घेतला का?"

"घेतला रे बाबा, घेतला."

हे तुला माहीत नव्हतं, जोएल. आज सांगते आहे. मी नव्हता घेतला.

पुढच्याच वर्षी तुझ्या हातापायांवर ते निळे डाग आले. तू म्हणत होतास फुटबॉलचे आहेत. मग दात घासताना रक्त, मग ताप, आणि एका आठवड्यात तू आंटीच्याच वॉर्डात. मी भेटायला आले तर हसून म्हणालास, "बघ, टेबलाच्या पलीकडे गेलो मी." मला इतका राग आला होता तुझा. असं कुणी बोलतं का?

त्या वसंतात तू जरा सुधारला होतास. केमोची एक फेरी संपलेली, तोंडाला चव आलेली, माझ्या डब्यातली थालीपीठं तू माझ्याआधी संपवायचास. त्याच दिवसांत नोंदणी ऑफिसातल्या मॅडमचा मला फोन आला. एका जुन्या फॉर्मवर माझी सही आहे, त्यावरचा मोबाइल आता भलत्याच माणसाकडे गेलाय, आणि सातवा रकाना कोरा आहे. "त्या डोनरबद्दल तुला काही आठवतंय का?" त्यांनी नाव सांगितलं. पेशंट कोण ते त्या सांगत नसतात, सांगायचं नसतंच.

मला सगळं आठवत होतं. इस्त्रीचा शर्ट, दोन मिनिटं थांबा, सगळं. ते वसईचे, तुझ्या चर्चचे, हेही. पण आठवतंय म्हटलं तर रकाना कोरा का, हा पुढचा प्रश्न येणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही मॅडम. त्यांनी दुसरा नंबर दिलाच नाही." त्या बरं म्हणाल्या आणि ठेवला फोन. मी डबा घेऊन तुझ्याकडे आले. त्या दिवशी तू काय सांगत होतास तेही आठवतं. बरा झालास की मला पोहायला शिकवणार होतास.

मला काय माहीत, जोएल? खरंच काय माहीत? जगात इतके पेशंट. ते तुझ्यासाठी विचारत असतील असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. पण हे मी कितीदा स्वतःला ऐकवलं तरी ते पुरत नाही. कुणाच्या तरी मुलासाठीच विचारत होत्या ना त्या? मग तो मुलगा परका असता तर ते खोटं चाललं असतं का?

तू गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये झालेल्या मिस्सानंतर आंटीकडे गेलो होतो सगळे. किचनमध्ये मी प्लेटा पुसत होते. आंटी शांतपणे म्हणाली, "एक जुळला होता गं. पूर्ण जुळला होता. पण कंपनीचं सिम, माणूस गावी निघून गेलेला. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केला." मग म्हणाली, "तुला सांगायचं नाही म्हणाला जोएल. मुग्धा उगाच सगळं दोहा पालथं घालील, तिची परीक्षा आहे."

का नाही सांगितलंस रे? पालथंच घातलं असतं. एका प्रश्नात सापडला असता तो माणूस, तेव्हा मी तो प्रश्न विचारला असता, लाज गुंडाळून विचारला असता. माझ्या परीक्षेची कसली काळजी करत बसलास?

बघ, अजून तुझ्यावरच ढकलते आहे.

त्या दिवसापासून तुझा आवाज माझी पाठ सोडत नाही. बँकेत फॉर्म भरताना, क्लिनिकच्या काउंटरवर, पप्पा पार्सलवर पत्ता लिहितात तेव्हासुद्धा. गावचा नंबर घेतला का? ओरडून नाही विचारत तू, नेहमीसारखाच विचारतोस. कॅम्पच्या यादीतला अँथनींचा तो जुना नंबर मला पाठ झालाय. मी तो लावत राहिले. एशियन टाउनच्या कामगार वस्तीतला कुणी नेपाळी माणूस उचलतो. पहिल्यांदा वैतागला. परवा म्हणाला, "दीदी, वो आदमी नहीं है. आप ठीक हो ना?" मी शुक्रन म्हणत आभार मानले, फोन ठेवला आणि लायब्ररीच्या जिन्यात बसून रडले.

पुढच्या शुक्रवारी कॅम्प आहे. नव्या मुलांना फॉर्म समजावून सांगायचं काम माझ्याकडे दिलंय, कारण मी तुझी मैत्रीण. मला ते झेपेना, म्हणून आज मिस्सा सुटायच्या वेळी चर्चच्या गेटपाशी जाऊन उभी राहिले आणि समोर आलेल्या पहिल्या वसईकराला विचारलं. निघाला अँथनींचा जुना रूममेट.

गाडीत बसून फोन लावला. अँथनींनी लगेच ओळखलं. "कतारचा कॅम्प? हो हो. मी बायकोला सांगून ठेवलं होतं, तिकडून फोन आला तर पहिला उचल. आलाच नाही. मला वाटलं, आपलं कुणाशी जुळलंच नाही." मग विचारलं, "जुळलं होतं का?"

मी म्हणाले, "हो."

"मग? त्या पेशंटचं काय झालं?"

"ते गेले."

मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग म्हणाले, "अरेरे. जोएलला वाईट वाटलं असेल. त्याला सांगा हां मॅडम, मी तयार होतो. पळून नाही गेलो."

त्यांना माहीतच नव्हतं. दोहाचे सगळे ग्रुप त्यांनी कधीच सोडलेत. "सांगते," एवढंच म्हणाले.

तर सांगते. ते पळून नव्हते गेले, जोएल. दोन मिनिटं थांबा म्हणाले होते.

त्यांचा नंबर मी घेतला. बायकोचाही घेतला. दोन्ही वाचून दाखवले. दुसऱ्या कुणाला लागलं तर अजून तयार आहेत म्हणाले.

आज आंटी ड्यूटीवर आहे. उद्या तिची सुट्टी. दर शनिवारी मला जेवायला बोलावते, माझ्या पानात तुझ्या वाटणीचाही मासा वाढते, आणि मी सात महिने तो मुकाट्याने खाते आहे. उद्या जेवायच्या आधी सांगणार. तुला 'घेतला' म्हणाले ते, आणि मॅडमना 'दिला नाही' म्हणाले ते, दोन्ही. मग तिने दार लावलं तरी चालेल. तिथून अँथनींना फोन करीन आणि पेशंटचं नाव सांगेन. नंतर नोंदणी ऑफिसात. आणि शुक्रवारी नव्या मुलांसमोर फॉर्म धरून उभी राहीन, तेव्हा सातवा रकाना कोरा का राहिला होता हे माझं नाव घेऊन सांगेन.

तू विचारणं मात्र थांबवू नकोस.

तुझी,
मुग्धा