काकीच्या भजनातलं नाव

बाबा, परवा सकाळी देवापुढे दिवा लावला आणि कॉलेजला निघण्याआधी माझ्या सादरीकरणात एक नाव पुन्हा लिहिलं. आपल्या शेजारच्या काकीचं. ते सरांनी मला काढायला लावलं होतं.

पन्नाशीला आलेला मुलगा एम.ए. करतोय, याचं तुम्हाला हसू येईल. विषय तुमचाच आहे: गिरणी संपाच्या काळातली डिलाईल रोडच्या चाळींतली भजनं. गिरणी बंद पडली तेव्हा तुम्ही मला गावच्या शाळेत घातलंत. मे महिन्यात चाळीत आलो, तर तुमचं भजनी मंडळ काकीनं रचलेलं भजन म्हणत होतं. शेवटच्या ओळीत तिचं नाव, संतांचं असतं तसं. पेटीवाल्यानं एकदा ते गिळलं आणि तुम्ही टाळ थांबवलेत. "बाईचं नाव कशाला भजनात?" तो म्हणतो. "मग काय तुझं घालू? रचलं कुणी?" तुम्ही विचारता, आणि गॅलरीतल्या बायकासुद्धा हसतात. "पुन्हा घे. नावासकट."

माझ्या मार्गदर्शक सरांच्या छापील लेखात हेच भजन 'पारंपरिक' म्हणून आलं आहे, शेवटची ओळ गाळून. "लोकगीताला कवी नसतो. संदर्भ माझ्या लेखाचा द्या," ते म्हणाले. मी काकीकडे गेलो, तिच्या तोंडून भजन ऐकलं आणि सगळं सांगितलं. मासे साफ करता करता ती म्हणाली, "मी मेलंय काय रे, पारंपरिक होवक? जिती आसंय अजून. नाव घाल माझा!"

परवा वर्गापुढे भजन पूर्ण दाखवलं. खाली लिहिलं: रचना काकीची, तिच्या घरी, तिच्याच तोंडून ऐकलेली. सरांच्या लेखाचाही संदर्भ दिला आणि त्यात शेवटची ओळ नाही, हेही नोंदवलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे काढल्याशिवाय प्रबंधावर माझी सही मिळणार नाही." "मग राहू द्या सही," मी म्हणालो. गुरूला उलटून बोलू नये हे तुम्हीच शिकवलंत, आणि दुसऱ्याचं नाव गिळू नये हेही. मला दोन्ही एकदम पाळता आलं नाही. त्याची खंतही वाटत नाही.

तुम्ही गेल्यावर हे पत्र पाठवायला पत्ता उरला नाही. असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही सरांची माफी मागायला लावली असतीत, आणि तुमचा शब्द मला मोडवला नसता. आज सकाळी दुसरा मार्गदर्शक मिळावा म्हणून कॉलेजात अर्ज दिला. वर्ष वाया जाईल, असं ऑफिसातले म्हणाले. जाऊ दे म्हटलं, आणि पोच घेऊन आलो.