छपराखालचा पाऊस

२ तारीख
पोचलो एकदाचा! काम टायरच्या गोदामात, खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते. चालतंय की. सातवीत शाळा सोडली, म्हणून धाकट्या बहिणीनं बजावलंय, रोज चार ओळी लिही, नाहीतर अक्षरसुद्धा विसरशील. खोलीतला वेल्डर दिलदार. माझा जुना कॉम्प्युटर वापर म्हणाला, फक्त बायकोचा फोन आला की गुपचूप उठायचं. त्यात घर बांधायचा खेळ आहे. मी आमचंच बांधलं. दोन खोल्या, वर पत्रा, शेगडीपाशी आई, उंबऱ्यावर धाकटी. बाहुल्याच, पण करमतं.

५ तारीख
खेळातला पाऊस अगदीच भिकार, सुतळ्या लोंबकळल्यासारखा. वेल्डर म्हणाला, मॉड टाक. म्हणजे लोकांनी हौसेनं बनवलेल्या जोडफायली. एकीतून थेंब घेतले, दुसरीतून डबकी, तिसरीतून भिंतीवरची ओल. नंतर टाकलेली फाईल आधीच्या फाईलवर चढून बसते, म्हणून क्रम बदलून बदलून डोळे लाल केले. शेवटी असा पाऊस जमला की वेल्डरनं पाय वर घेतले!
एक चौथी फाईल होती, पावसाला छपरावर अडवणारी. तिच्यानं मशीन रडायला लागलं. काढून टाकली. बाहुल्यांना काय सर्दी होणारे? सेव्ह केलं.

८ तारीख
पाऊस पत्र्यातून सरळ आत. बाहुलीआई निथळतेय. आम्ही पोट धरधरून हसलो.
मग धाकटीचा फोन. घरात ओल आलीय, बाहेर तर कडक ऊन. मागून आई म्हणाली, पत्र्याचं वय झालं, माझ्यासारखंच. मी म्हटलं, डांबर लावून घ्या.

९ तारीख
शेजारचे काका पत्र्यावर चढले. वर कोरडा ठणठणीत, तळव्याला चटके बसले म्हणे. आणि खाली थेंब.
जेवण टाकून उठलो. चौथी फाईल परत टाकली. पाऊस तसाच. वेल्डर म्हणाला, सेव्हमध्ये मुरला तो, आता निघायचा नाही. घरचं सांगितलं तर म्हणाला, येड्या, पत्रा बदल.

११ तारीख
सगळे मॉड उपटले. तसाच.
दोघींना मावशीकडे पाठवलं. तिचं घर स्लॅबचं. त्या आत शिरल्या आणि तिथंही पाऊस सुरू झाला. मावशी आधी म्हणाली, नळ फुटला. मग तिनं त्यांच्या पिशव्या दाराबाहेर ठेवल्या.

१३ तारीख
दोघी मैदानात बसतात. उघड्यावर पाऊस पडत नाही. पण आईला ताप. दवाखान्यात खाटेवर घेतलं तर वॉर्डभर पाणी — बाकीच्यांनी हाकललं. डॉक्टर म्हणतात, छातीत पाणी झालंय, आत ठेवावंच लागेल. आत कुठे —
आईनं फोन मागून घेतला. जेवलास का विचारलं. हो म्हटलं. सांगणार होतो की मी —

१४ तारीख
वेल्डर आता हसत नाही. म्हणतो, ते घरच पुसून टाक. घरात त्या आहेत. बटणावर बोट ठेवलं. उचललं.
बाहुलीआई आडवी झालीय. मी नाही झोपवली.

१५, दुपार
शेगडीपाशी कुणी नाही. नुसतं पाणी.
धाकटीचा फोन. आई गेली. तिथेच, मैदानात. लोक तिला घरात नेतायत. मी म्हटलं, तू आत जाऊ नकोस. म्हणाली, दादा, आईला एकटीला कशी ठेवू रे. ठेवला फोन.
पडद्यावर धाकटी उंबऱ्यावर उभी राहिली. आत पाणी खिडकीपर्यंत — परत लावतोय — रिंग जातेय — एक पाय आत — उचल ना गं — उचल, बाहेर थां