ग्राइंडरच्या पट्ट्याची आयुधपूजा

चि. वैद्यनाथ यास तंजावूरहून वरुणराव भावजींचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? नवरात्रात मांडलेल्या गोलूच्या बाहुल्या उतरवताना फार वाकू नकोस. इकडे मी ठीक. छातीत धडधडतं, पण ते प्रकृतीमुळे नव्हे, तुझ्या अक्काच्या धाकाने. (फोन केला असता, पण तुझा फोन हल्ली तीच उचलते.)

तुझी अक्का महालक्ष्मी पापनाशमला तुमच्याकडे निघताना बजावून गेली होती, की ग्राइंडरच्या वाटेला जाऊ नका. पण मध्ये आयुधपूजा आली. स्कूटरला चंदन-कुंकू लावायचं, कात्रीला लावायचं, आणि ज्याच्या जिवावर गल्लीभर इडल्या होतात त्या यंत्राला तसंच ठेवायचं? मला ते बरं दिसेना. मी खालचं झाकण काढलं, दोन्ही चाकांना तिळाचं तेल चोळलं आणि त्यांवरच्या रबरी पट्ट्याला आतून-बाहेरून चंदन फासलं (हारही घालणार होतो, पण तेवढी बुद्धी शाबूत राहिली).

दुसऱ्या दिवशी भिजवलेले मूठभर उडीद घातले. मोटर घरघरली, छोटं चाक गरगर फिरलं, दगड मात्र ढिम्म. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेलं असल्याने कारण मला लगेच कळलं. हा पट्टा ताणला जाणारा. तो मुद्दाम आखूड करतात, ओढून चढवतात, आणि आकसायच्या धडपडीनेच तो चाकांना धरून राहतो. ओढणारी बाजू जास्त ताणते, परतणारी कमी, त्यामुळे चांगला पट्टासुद्धा चाकावर केसभर मागे सरकतोच (हे वर्गात कधी कोणी विचारलं नाही, म्हणून तुला सांगतो). तेल लागलं की मात्र पकडच जाते. इथवर माझं शास्त्र बरोबर होतं. पट्टा शिकेकाईने धुतला, तरी तेल पिऊन तो सैल झालेला. मग बोटभर कापून टोकं सुतळीने शिवली. शिवण चाकावर आली की दगड हिसका घेई, आणि वरचं झाकण मी लावलं नव्हतं. उडदाचं पीठ तुझ्या कैलासवासी वडिलांच्या फोटोवर गेलं. त्यानंतर पट्टा तुटला.

रविवारी शेजारच्या कनकलताच्या मुलीचं डोहाळजेवण आहे. इडल्यांचं सगळं पीठ महालक्ष्मीने कबूल केलंय. दुकानदार म्हणतो, या मापाचा पट्टा सोमवारी येईल. कनकलता कुंपणावरून पिठाचं विचारते, "काय मामा, मावु वेळेला होईल की?" मी मान हलवून आत पळतो.

तुझा,
वरुणराव भावजी

ता. क. गोलू उतरला तरी अक्काला मंगळवारपर्यंत ठेवून घे. पिठाचं मी हॉटेलात बघतो.

दुसरा ता. क. वैद्यनाथ, तुला देवनागरी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तमिळमध्ये लिहिता आलं असतं, पण मग हे पत्र तू अक्काकडून वाचून घेतलं नसतंस. महालक्ष्मी, तुला सरळ लिहायची हिंमत झाली नाही. कनकलतासमोर तुझा शब्द खाली पडलेला मला पाहवणार नाही. राग थोडा भावावर काढ आणि पहिल्या बसने ये. येताना त्याचा ग्राइंडर उचलून आण. ही ओळ मात्र त्याला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.