निबंधाखालची सही

चेतना बेटा,

खिडकीकडच्या भिंतीला हात लावू नको, रंग ओला आहे. मी तिलवाऱ्याला रंगकामावर जाऊन राहिलो, चार दिवस तिथंच मुक्काम. आई सहापर्यंत येईल. वरण झाकून ठेवलं आहे, गरम करून घे.

तुझी हिंदीची कॉपी आज घरीच राहिली. उद्याच्या निबंधाखाली पालकाची सही पाहिजे होती, म्हणून वही उघडली अन् 'मेरा कमरा' पूर्ण वाचला. रागावलो नाही. आपण तिघं एकाच खोलीत राहतो, हे मॅडमला काहून सांगायचं? खिडकी, खिडकीजवळ टेबल, त्यावर दिवा, सगळं छान लिहिलं.

खिडकी तर आपली आहेच. टेबल मी दुपारी करून टाकलं, दोन पेट्यांवर जुन्या दाराची फळी ठेवली. हलत नाही, मी त्यावर बसून पाहिलं. दिवा शेजारच्या शर्मिलाकाकूंनी दिला, त्याचं बटन जरा जोरात दाबावं लागते. आजपासून तो कोपरा तुझा. आईला सांगितलं आहे, आम्ही दाराकडे झोपत जाऊ.

फक्त निळी भिंत लिहिली, तेवढं बदलून घे. कांचघर मोहल्ल्यातल्या कामातून उरलेल्या डब्यात बदामी रंग निघाला.

मला इंजिनियर लिहिलं, ते खोडू नको. मॅडमनी विचारलं तर सांग, पप्पा कामानं बाहेरगावी गेले.

सही मी इंग्रजीत केली आहे. आधी रद्दी पेपरवर चारदा लिहून पाहिली.

पप्पा